देवराईत रेकॉर्डर लावून जैवविविधता मोजता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, की दोडामार्ग तालुक्यात तुमच्या गावाची देवराई आहे, तिच्या एका अंगाला काजू आणि दुसऱ्या अंगाला आता रबर येत चाललंय, ग्रुपकडे सहा ऑडिओमॉथ (रानात लावून ठेवायचे छोटे आवाज-रेकॉर्डर) आलेत, ते झाडांना बांधून "देवराईत जैवविविधता जास्त आहे" हे आकड्यांत दाखवता येईल का, किती दिवस लावायचे, सेटिंग काय ठेवायचं, आणि कॉम्प्युटरनं आपोआप ओळखलेले पक्षी धरले तर चालतील का. मी बारा-तेरा वर्षं हेच काम करतोय, आधी मोठे महागडे रेकॉर्डर होते, मग हे काडेपेटीपेक्षा थोडे मोठे आले, त्यामुळे चुका करायला भरपूर वाव मिळाला. उत्तर लांब होणार, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे जैवविविधता वगैरे शब्द जरा बाजूला ठेवा. रेकॉर्डरला कळतं ते एवढंच, की अमुक जागी अमुक वेळी अमुक आवाज झाला. साप, सरडे, फुलपाखरं, देवराईतली दोनशे वर्षांची झाडं, यातलं काहीच त्याला दिसत नाही. आणि तो मोजतही नाही. एक कुटुर्गा तासभर "कुटुर्र कुटुर्र" करत बसला काय आणि चार कुटुर्ग्यांनी पाळीपाळीनं केलं काय, फाइलमध्ये दोन्ही सारखंच. म्हणून "किती पक्षी आहेत" हा प्रश्न त्याला विचारूच नका. "कोण आहे, कधी येतो, कुठल्या तुकड्यात येतो आणि कुठल्यात येत नाही" हे विचारा, त्यात माणसापेक्षा तो शंभर पटीनं बरा, कारण तो कंटाळत नाही, जळवांना घाबरत नाही आणि रात्री दोन वाजता पण जागा असतो.

हे शंभर पट का म्हणतो ते सांगतो. समजा एखादा पक्षी त्या तुकड्यात आहे पण रोज आवाज देत नाही, कुठल्याही एका दिवशी तो ऐकू यायची शक्यता ३० टक्के. तुम्ही एक रविवार सकाळी जाऊन आलात तर १०० पैकी ७० वेळा तुम्ही "नाही" असं लिहून घरी येणार. दहा दिवस रेकॉर्डर राहिला तर ०.७ चा दहावा घात, म्हणजे साधारण ०.०३, म्हणजे शंभरात तिघेच निसटतात. सगळा खेळ हा आहे. बाकीचं सॉफ्टवेअर बिफ्टवेअर नंतर.

आता मांडणी. सहाही रेकॉर्डर देवराईत लावायचा मोह होईल, कारण तिथंच मजा आहे, पण मग तुलना कशाशी करणार? दोन देवराईत, दोन काजूत, दोन रबरात असं करा. दोन रेकॉर्डरमध्ये निदान २५०-३०० मीटर अंतर ठेवा, नाहीतर एकच मोर दोघांच्या फायलीत ओरडणार आणि तुम्ही त्याला दोन ठिकाणचा पुरावा समजणार. देवराई लहान असेल आणि दोन बसत नसतील तर एकच लावा आणि शेजारच्या गावाच्या देवराईत दुसरा, उलट ते जास्त चांगलं. खरं म्हणजे प्रत्येक प्रकारच्या दोनच जागा ही फार बारीक तुलना आहे, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी रेकॉर्डर हलवा, तीन महिन्यांत प्रत्येक प्रकारच्या दहा-बारा जागा होतात. वालपराईच्या डोंगरात तमिळनाडूला पुन्हा झाडं लावून उभी केलेली रानं, आपोआप वाढू दिलेली रानं आणि जुनं न तोडलेलं रान यांची आवाजावरून तुलना झालीय, तिथलं डोकं हेच आहे, प्रत्येक प्रकारच्या अनेक जागा आणि सगळीकडे एकच वेळापत्रक.

बांधताना खोड रेकॉर्डरच्या डबीपेक्षा फार जाड नको, वडाच्या बुंध्याला बांधलात तर मागच्या अर्ध्या रानाचा आवाज बुंधाच अडवतो. छातीच्या ते डोक्याच्या उंचीवर, माइकचं भोक किंचित खाली झुकलेलं, समोर पान हलणार नाही असं. ओढ्यापासून लांब. हे सगळे सांगतात आणि सगळे विसरतात, मे महिन्यात कोरडा असलेला ओढा १० जूनला धबाधबा वाहायला लागतो आणि पुढच्या पंधरा दिवसांच्या फायलीत फक्त पाणी. आणि मुंग्या. माइकच्या भोकाच्या पडद्यावर मुंगी चालली की फाइलमध्ये कुणीतरी पत्र्यावर खुर्ची ओढल्यासारखा आवाज येतो, मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा दोन दिवस तो कुठला प्राणी म्हणून शोधत होतो, हसू नका. ओंबील, म्हणजे तांबड्या मुंग्या, असलेली फांदी टाळा.

सेटिंग. पक्षी आणि बेडकांसाठी सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, ४८ किलोहर्ट्झ. त्यात २४ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज येतो, म्हणजे निम्म्यापर्यंत, आणि आपल्या कानाची हद्द २० ला संपते. वटवाघळं बहुतेक त्याच्या वर ओरडतात, त्यांना २५० किंवा ३८४ लागतो, पण तो वेगळा प्रकल्प आहे, पहिल्याच वर्षी दोन्ही करू नका. गेन, म्हणजे माइकनं आवाज किती वाढवून घ्यायचा ते, मीडियम. २४ तास सलग रेकॉर्ड करू नका, दर दहा मिनिटांतलं एक मिनिट घ्या. सलग तासभर ऐकण्यापेक्षा दिवसभर पसरलेली साठ मिनिटं जास्त प्रजाती देतात, कारण पहाटेचा वेगळा, दुपारचा वेगळा, रात्रीचा रातवा वेगळा. हिशेब बघा. ४८ किलोहर्ट्झला एका मिनिटाची फाइल साधारण ५.८ एमबी, सलग केलं तर दिवसाला ८.३ जीबी, दहातलं एक मिनिट घेतलं तर ८३० एमबी. म्हणजे पंधरा दिवसांना ३२ जीबीचं कार्ड आरामात पुरतं आणि तीन चांगल्या अल्कलाइन सेलवर पंधरवडा सहज निघतो. स्वस्तातलं कार्ड मात्र घेऊ नका. सगळं वाचवून शेवटी कार्डावर वाचवलं आणि पंधरा दिवसांनी कार्डच वाचता येईना, हे आमचं झालंय.

आता घड्याळ, इथं नवीन माणूस हमखास आपटतो. ऑडिओमॉथ मुळात यूटीसीवर, जागतिक प्रमाणवेळेवर, चालतो, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. फाइलच्या नावात ००३००० दिसलं की मध्यरात्र समजू नका, ती सकाळचे सहा आहेत. आणि सेल काढले की त्याचं घड्याळ जातं, परत सेट करावं लागतं, रानात सेल बदलायचे असतील तर मोबाइलवरून आवाजानं वेळ देता येते, ते आधी घरी करून बघा. आमच्या एका पोरानं एकदा मधेच सेल बदलले, वेळ दिली नाही, आणि आम्ही नंतर दोन तास वाद घालत होतो की या देवराईतला शीळकरी कस्तूर रात्री साडेअकराला का गातोय.

हे किरकोळ वाटेल, म्हणून आपल्याच खानदेशची गोष्ट सांगतो. रानपिंगळा, हे एक लहान घुबड, १८८४ नंतर कुणाला दिसलंच नव्हतं. पुढं मेनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं एक नमुना आपण १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळवला असं लेबल लावून ठेवलं, आणि कित्येक वर्षं लोकांनी त्या लेबलावर भरवसा ठेवला. पामेला रासमुसेन या पक्षीशास्त्रज्ञ आणि मंडळींनी तपासलं तर तो नमुना डेव्हिडसन नावाच्या जुन्या संग्राहकानं १८८४ सालच्या आसपास खानदेशातून गोळा केलेला, म्युझियममधून चोरलेला आणि नव्यानं भुसा भरलेला निघाला. खोटं लेबल बाजूला ठेवून खऱ्या जुन्या नमुन्यांच्या जागा धरून शोधलं तेव्हा १९९७ मध्ये शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा समोर बसलेला सापडला. ११३ वर्षं. त्यामुळे प्रत्येक जागेचं जीपीएस, तारीख, लावल्याची आणि काढल्याची वेळ, उंची, चारी दिशांचे चार फोटो आणि कुणी लावला त्याचं नाव, हे वहीत. मोबाइलमध्ये नको, वहीत. मोबाइल पावसात जातो.

कधी लावायचे? सगळ्यात श्रीमंत काळ १५ मे ते जूनअखेर. पावशा "पेरते व्हा" करत असतो, नवरंग कोकणात उतरलेला असतो आणि पहाटे-संध्याकाळी दोन सुरांची शीळ देतो, तिबोटी खंड्या येतो, आणि पहिल्या पावसाला बेडूक. वळवाच्या सरीनंतरची ती एक रात्र चुकवू नका. आंबोलीच्या पठारावरची ती चिमुकली पिवळी भेकी, झँथोफ्रायने टायगरिना, तिचं सगळं लग्नकार्य पावसाच्या सुरुवातीच्या मोजक्या दिवसांत उरकतं, जुलैत गेलात तर "इथं काही नाही" असंच लिहाल. कोयनेकडच्या हुंबरळीत ज्या बेडकाचा अभ्यास झाला, निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी, त्याच्यात तर मादीसुद्धा आवाज देते, २०१६ ला ते प्रसिद्ध झालं, बहुतेक बेडकांत फक्त नर ओरडतात. असल्या गोष्टी रात्री ओढ्यावर कान देऊन बसल्याशिवाय कळत नाहीत.

जुलै-ऑगस्टचं मात्र आधीच मनाशी ठरवा. आंबोलीला वर्षाला ७००० मिलिमीटरच्या घरात पाऊस, तुमच्याकडंही कमी नाही, निम्म्या फायली नुसत्या "शूऽऽ". त्या ओळखून बाजूला काढा, पण पुसू नका आणि किती काढल्या ते लिहा. रबरातल्या ४०० फायली पावसानं गेल्या आणि देवराईतल्या दोनशे, तर उरलेल्यांची सरळ तुलना करता येत नाही, समान मिनिटं घ्यावी लागतात. एक मजा अशी की दाट रानात पाऊस थांबल्यावर अर्धा तास पानांवरून थेंब टपटपत राहतात, म्हणजे देवराईत "पाऊस" जास्त वेळ चालतो.

आता ॲपचं. मेर्लिन हे पक्षी ओळखणारं ॲप बहुतेकांच्या मोबाइलवर असतं, ते बनवणाऱ्या अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्याच लोकांनी जर्मनीतल्या केम्नित्स विद्यापीठाबरोबर बर्डनेट बनवलंय, हजारो फायली एका दमात चाळायला ते वापरतात. फुकट आहे, लॅपटॉपवर चालतं, आणि नसतं तर मी हे काम कधीच सोडलं असतं. सहा रेकॉर्डर, पंधरा दिवस, रोज १४४ मिनिटं, म्हणजे १२,९६० फायली, २१६ तास. रोज आठ तास ऐकत बसलात तर २७ दिवस, तेही एका पंधरवड्याचे. तेव्हा यंत्र लागणारच. पण ते काय करतं ते समजून घ्या. ते फाइलचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्याला नाव आणि ० ते १ मधला एक स्कोअर देतं. तो ०.८ म्हणजे ८० टक्के खात्री नव्हे. एका पक्ष्याला ०.३ वर सुद्धा जवळजवळ सगळं बरोबर निघतं, दुसऱ्याला ०.९ वर निम्मं चूक. म्हणून प्रत्येक पक्ष्याचे कमी, मधल्या आणि जास्त स्कोअरचे मिळून पन्नासेक तुकडे चिठ्ठ्या टाकून निवडा, स्वतः ऐका, बरोबर-चूक लिहा, आणि मग त्या पक्ष्यासाठी कुठल्या स्कोअरच्या वर भरवसा ठेवायचा ते ठरवा. कंटाळवाणं आहे. दुसरा रस्ता नाही.

एक उदाहरण जवळून दाखवतो. तिलारीच्या बाजूची फाइल, सकाळचे सहा वीस. बर्डनेट म्हणतं सर्पगरुड, स्कोअर ०.९१. ऐकलं, खरंच सर्पगरुडाची शीळ, अगदी स्वच्छ. पण मला दोन गोष्टी खटकल्या. एक, सर्पगरुड बहुतेक ऊन तापल्यावर वर घिरट्या घालताना ओरडतो, इथं अजून रान पुरतं उजाडलं नव्हतं. दुसरं, आवाज लांबून आकाशातून आल्यासारखा पसरलेला नव्हता, माइकसमोर दहा फुटांवरून आल्यासारखा कोरडा होता. म्हणून तीन सेकंद सोडून सगळं मिनिट लावलं. सर्पगरुड, मग शिक्रा, मग खार चिडल्यासारखी किटकिट, मग कुणाच्या तरी घरचं मांजर वाटावं असं काहीतरी, आणि शेवटी तो धातूची तार छेडल्यासारखा स्वतःचा सूर. भृंगराज, दुसऱ्यांच्या नकला करणारा पक्षी! अख्ख्या मिनिटात एकच पक्षी आणि यंत्रानं चार प्रजाती लिहून ठेवल्या. तीन सेकंदांच्या खिडकीतून भृंगराज ओळखता येत नाही, त्याला गोष्ट पुरी करू द्यावी लागते. म्हणजे जिथं भृंगराज जास्त तिथं प्रजाती जास्त, असा निकाल लागला असता, आणि तो देवराईच्या बाजूनं लागला असता म्हणून कुणी तपासलाही नसता. आपल्याला हवा तो आकडा आला की दुप्पट तपासा.

आपल्याकडच्या पक्ष्यांचे नमुने या यंत्रांना अजून कमीच मिळालेत हेही खरं. २०२४ ची बर्डक्लेफ स्पर्धा (यंत्रांकडून पक्ष्यांचे आवाज ओळखून घेण्याची) म्हणूनच मुद्दाम पश्चिम घाटाच्या पक्ष्यांवर ठेवली होती. बेडूक आणि किड्यांच्या बाबतीत तर आपलाच कान. तुम्ही खात्रीनं ओळखलेले चांगले तुकडे झेनो-कँटोवर, म्हणजे आवाजांच्या खुल्या संकेतस्थळावर, टाकत चला, तारीख-जागेसकट, पुढच्या माणसाचं यंत्र तेवढं शहाणं होतं. (जाता जाता, जगातलं पहिलं माहीत असलेलं पक्ष्याचं रेकॉर्डिंग १८८९ चं, जर्मनीत लुडविग कोख या लहान पोरानं मेणाच्या नळकांड्यावर केलेलं, आणि पिंजऱ्यातला तो पक्षी होता शामा, आपल्याकडच्या रानांतला.)

तुम्ही "इंडेक्स" बद्दल पण विचारलंय. एसीआय, एनडीएसआय वगैरे, म्हणजे पक्षी न ओळखता नुसत्या आवाजाच्या पसाऱ्यावरून एक आकडा काढायचा. ऐकायला फार सोयीचं. आम्ही पहिल्या वर्षी हेच केलं, सुंदर रंगीत ग्राफ काढले, आणि त्यात रबर देवराईपेक्षा "समृद्ध" निघालं. मी ते एका बैठकीत दाखवलंसुद्धा. मागं बसलेले एक आजोबा म्हणाले, "रबरात काय असा, किरकिरे सोडून?" मला राग आला, घरी येऊन फायली ऐकल्या, आणि आजोबा शंभर टक्के बरोबर. एकाच जातीचे किरकिरे, म्हणजे सिकाडा, संध्याकाळी ४ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असे काही भरून गात होते की स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे आवाजाच्या चित्रात, रंगाची भिंत उभी, आणि एनडीएसआयच्या हिशेबात ती सगळी "जीवसृष्टी". हे इंडेक्स निरुपयोगी आहेत असं नाही, एकाच जागेत वर्षानुवर्षं काय बदलतंय, रस्त्याचा आवाज किती वाढला, कुठल्या तासाला काय भरलेलं असतं, यासाठी मी अजून वापरतो. पण दोन वेगळ्या प्रकारच्या रानांत कुठलं श्रीमंत हे त्यांच्यावरून सांगू नका.

तुमच्या कामाला मी काय दाखवलं असतं? दहा-पंधरा प्रजाती निवडा ज्यांचा आवाज स्वच्छ आहे आणि ज्यांना खरंच मोठी झाडं, ढोली, सावली लागते, उदाहरणार्थ धनेश, शामा, नवरंग, तिबोटी खंड्या, आणि बेडकांतले दोन-तीन. प्रत्येकाचं "किती जागांपैकी कितीत, किती दिवसांपैकी किती दिवस" असं देवराई, काजू, रबर तीन रकान्यांत मांडा. धनेशाचा आवाज नाही आला तरी पंखांचा येतो, वरून जाताना कोळशाचं इंजिन धापा टाकतंय असा, तो कानानं ओळखायला शिका, यंत्र शिकलेलं नाही. आणि तिबोटीची शीळ बारीक, चिरकी, दाट पानांत लांब जात नाही, ती मोकळ्या काजूत जास्त अंतरावरून पकडली जाईल आणि देवराईत कमी, म्हणजे आकडा तुमच्या विरुद्ध झुकलेला असेल. हे लिहून टाका, लपवू नका.

परवानगीचं राहिलं. अभयारण्य किंवा राखीव वन असेल तर वनखात्याचं लेखी पत्र हवंच, तिलारीचा काही भाग २०२० पासून संवर्धन राखीव आहे, तुमची देवराई कुठल्या बाजूला पडते ते आधी बघा. पण कागदापेक्षा मोठी परवानगी गावाची. मानकऱ्यांना विचारा, नारळ ठेवायचा तर ठेवा, आणि रेकॉर्डर उघडून दाखवा आत काय आहे. आम्ही एका गावात हे केलं नव्हतं, तिसऱ्या दिवशी फोन, "तुमी झाडाक काय लावल्यात? बॉम्ब मा न्हय?" प्रत्येक डबीखाली मराठीत चिठ्ठी लावा, काय आहे, कुणाचं आहे, फोन नंबर. कारण त्यात माणसांचं बोलणंही येतं. भाऊबंदकीची भांडणं येतात, प्रेमप्रकरणं येतात, एकदा आम्हाला रात्रीचा बंदुकीचा बारही आला. आमचा नियम असा, की बोलणं आलं की तो तुकडा पुसायचा आणि कुणी कितीही मागितला तरी द्यायचा नाही. बार मात्र त्याच दिवशी रेंजर साहेबांना कळवला. हा नियम लावायच्या आधी ग्रामसभेत सांगा, नंतर नाही.

आणि सुरुवातीला सहाही रेकॉर्डर तुमच्याच घराच्या मागं एका रांगेत एक रात्र लावा. सगळ्यांनी तेच ऐकलं पाहिजे. एखाद्याचा माइक ओलाव्यानं बसलेला असला तर तिथंच कळेल, त्याला "क" असं मार्करनं लिहून बाजूला ठेवा. आमच्याकडं असे तीन "क" आहेत, एक मी चुकून परत रानात नेऊन लावला होता, रबरात.